देवाच्या वतीने

सुकन्या साळवे यांना तिसगावात कोणी नावाने हाक मारत नाही. त्या सगळ्यांच्या सिस्टर. चौतीस वर्षं त्यांनी तालुक्यातल्या उपकेंद्रांवर नर्सची नोकरी केली. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं, उरलेल्या निम्म्याला त्यांनी सुया टोचल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या रस्त्याने निघाल्या की माणसं अजून हातातली बिडी मागे लपवतात.

सिस्टर चर्चच्या पंच, म्हणजे कारभारी मंडळातल्या. चर्च लहान, पत्र्याच्या छताचं, पस्तीस घरांचं. दोन वर्षांपूर्वी तिथे हर्षल उजागरे नावाचे तरुण पाळक, म्हणजे पास्टर, आले. त्यांनी दाराशी एक लाकडी पेटी ठेवली. ज्याला देवाकडे काही मागायचं असेल त्याने कागदावर लिहून पेटीत टाकावं. नाव लिहायची गरज नाही. बुधवारच्या प्रार्थनेत सगळ्या चिठ्ठ्या देवापुढे ठेवल्या जातील. चिठ्ठ्या वहीत उतरवायला नीट अक्षर हवं होतं, म्हणून किल्ली सिस्टरांकडे आली.

पाळकांची ही पहिली चूक. त्यांना सिस्टर माहीत नव्हत्या.

पहिल्याच आठवड्यात बनाबाईची चिठ्ठी निघाली. नातवाकडून लिहून घेतलेली. रेशनकार्डातून नाव उडालंय, प्रभूने परत घालावं. बुधवारी पाळकांनी डोळे मिटून प्रार्थना केली. सिस्टरांनी तेवढ्या वेळात पाथर्डीची पहिली एसटी किती वाजता आहे ते आठवून घेतलं. सर्वेक्षणाला लागतंय असं सांगून त्यांनी नातवाकडून आधारकार्ड मागवलं. दोन दिवस तहसीलच्या बाकावर बसल्या. तिसऱ्या खेपेला साहेब कंटाळला आणि नाव चढलं.

रविवारी बनाबाई साक्ष द्यायला, म्हणजे देवाने काय केलं ते सगळ्यांपुढे सांगायला, उभी राहिली.

"प्रभूनं केलं! माणसाच्या हातनं व्हनारं काम न्हवतं ते!"

सगळ्या चर्चने हालेलुया म्हटलं. सिस्टरांनीही म्हटलं, पण दात आवळून.

घरी आल्यावर त्या नवऱ्यावर घसरल्या. शांतवन साळवे हे एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. स्वभावाने इतके थंड, की सिस्टरांना कधीकधी त्यांची नाडी बघावीशी वाटे.

"अहो, प्रभूला झेरॉक्स कोणी काढून दिल्या? चार नंबरच्या टेबलावर त्या साहेबाचं तोंड कोणी बघितलं?"

"तूच बघितलं असशील," शांतवन चहात बटर बुडवत म्हणाले.

"मग कोणी बोलायचं नाही का?"

"तू चोरून केलंस. आता बोलणार कोण?"

सिस्टरांनी चोरून केलं त्याला कारण होतं. प्रार्थना झाली आणि काम झालं नाही, तर देवाचं नाव खाली पडतं. ते पडू नये म्हणून देवाच्या वतीने कोणीतरी धावायला हवं. हे त्यांचं मत दहाव्या वर्षी बनलं होतं. वडील जामखेडकडे ख्रिस्ती धर्मप्रचारक होते. धाकट्या बहिणीला, करुणाला, ताप चढला. वडील तीन दिवस गुडघ्यांवर होते. प्रभू करील, म्हणत होते. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांनी बैलगाडी जुंपली तेव्हा उशीर झाला होता. त्या दिवसापासून सुकन्येने गुडघे फारसे टेकले नाहीत. प्रार्थना ती उभ्याउभ्या करते, पायात चप्पल घालून.

तर चिठ्ठ्या येत राहिल्या आणि सिस्टर धावत राहिल्या. अजिनाथच्या मुलाला नगरच्या वसतिगृहात जागा हवी होती. मिळाली. एका म्हातारीला मोतीबिंदूच्या शिबिरात नंबर हवा होता. लागला. दर रविवारी साक्षी वाढल्या. शेजारच्या गावातली माणसं येऊ लागली. तिसगावची पेटी पावते, असं पार शेवगावपर्यंत झालं. पाळक हर्षल हरखून गेले. सिस्टरांचे गुडघे सुजले. कोणाला काही कळत नव्हतं, आणि त्याचा त्यांना भयंकर राग येत होता.

यंदा मार्चमध्ये मोनिकेच्या लग्नाची पुकार सुरू झाली.

ख्रिस्ती लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये वधूवरांची नावं पुकारतात. कोणाची हरकत असेल तर सांगा, म्हणतात. हरकत कोणी घेत नाही. मोनिका ही भिमाजी गवंड्याची एकुलती एक मुलगी. बायको जाऊन अकरा वर्षं झालेली. बापाने पोर वाढवली, नगरला ठेवून शिकवली. भिमाजी चर्चच्या भजनी मंडळात ढोलकी वाजवतो. दिवसभर विटा उचलणाऱ्या त्याच्या हातातून ढोलकी अशी बोलते, की पाळकांचा उपदेश त्यापुढे फिका पडतो. मुलगा कोपरगावचा, प्रशांत गायकवाड. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. पहिली पुकार झाली. बायकांनी मोनिकेचे गालगुच्चे घेतले.

त्या बुधवारी पेटीत एक चिठ्ठी निघाली. आखीव कागद, वरच्या कोपऱ्यात मोनिकेच्या कॉलेजचं नाव छापलेलं. अक्षर वेडंवाकडं.

"प्रभू, हे लग्न होऊ देऊ नको."

सिस्टरांनी कागद उलटसुलट करून बघितला. पोरीचा हात कापत होता लिहिताना, त्यांनी ठरवलं. ती चिठ्ठी त्यांनी वहीत उतरवली नाही. पाळकांना दाखवली नाही. ब्लाउजमध्ये खोचली.

गुरुवारी त्या भिमाजीच्या घरी गेल्या. मोनिका साड्यांना फॉल लावत बसली होती.

"बरी आहेस ना गं?"

"बरी आहे, सिस्टर."

"मनातून बरी आहेस का, विचारतेय."

मोनिकेचे डोळे भरले. तिने मान खाली घातली. सिस्टरांना एवढं पुरलं. चौतीस वर्षं त्यांनी बायकांच्या तोंडावरून आतलं दुखणं ओळखलं होतं. हे डोळे बापाला एकटं टाकून जायच्या विचाराने भरले असतील, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला असता तर! पण सिस्टर उत्तर मिळाल्यावर प्रश्न विचारत नाहीत.

शुक्रवारी पहाटे त्यांनी नगरची एसटी धरली आणि तिथून कोपरगावची. प्रशांतच्या आईचं नाव मालनबाई. अंगणात लग्नाच्या कुरडया वाळत घातल्या होत्या. मालनबाई काठी घेऊन कावळे हाकत होत्या.

"सलाम!" साखरपुड्यात बघितलेला चेहरा ओळखून त्यांनी ख्रिस्ती रीतीने म्हटलं. "या, या. अशा अचानक?"

सिस्टर पाणीसुद्धा प्यायल्या नाहीत. "मुलीचं मन नाही या लग्नात," त्या म्हणाल्या.

काठी खाली आली. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. मी तिथल्या चर्चची पंच आहे."

"पोरीनं स्वतः सांगितलं तुम्हाला?"

सिस्टरांना चिठ्ठी ब्लाउजमध्ये टोचत होती. "तसंच समजा," त्या म्हणाल्या.

कावळा कुरडई घेऊन उडाला, तरी मालनबाईंनी काठी उचलली नाही.

परतीच्या एसटीत सिस्टर मान टाकून झोपल्या. एक पोर वाचवली होती.

शनिवारी चार वाजता मोनिका दारात उभी होती. तोंड लाल.

"सिस्टर, तुम्ही कोपरगावला का गेला होता?"

"बस आधी."

"नाही बसत. प्रशांतच्या आईनं पप्पांना फोन करून लग्न मोडलं. म्हणतात, तुझंच मन नाही. मी कधी म्हटलं? मी फोन केला तर प्रशांत म्हणतो, पंचबाई स्वतः आल्या होत्या, पंच खोटं कशाला बोलतील!"

सिस्टरांनी चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. "हे काय मग? तुझ्या वहीचा कागद आहे."

मोनिकेने वाचलं. एकदा, दोनदा. मग भिंतीला टेकून खाली बसली.

"कागद माझा आहे. अक्षर पप्पांचं आहे."

सिस्टरांनी आयुष्यात कधी भिमाजीचं अक्षर बघितलं नव्हतं. तो सहीपुरता पेन धरतो, असं सगळे समजत.

"त्यांना सांगू नका मला कळलं म्हणून," मोनिका म्हणाली. तोंडाला ओढणी लावून ती निघून गेली.

आता सिस्टर नेहमीसारख्या कामाला लागल्या. मालनबाईंना फोन केला.

"काल एक सांगितलं, आज एक सांगताय. उद्या काय सांगाल?" फोन कट. पुन्हा लावला, कट. तिसऱ्यांदा लावला तर बंद. त्यांनी प्रशांतला मोठा मेसेज लिहिला. त्याने वाचला, उत्तर दिलं नाही. दुसऱ्या रविवारी पुकार झाली नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मुलीत काही खोट असेल का, अशी कुजबुज दुपारपर्यंत बाजारपेठेत पोचली. सिस्टर तीन घरांत जाऊन भांडून आल्या. चौथ्या घरापर्यंत कुजबुज दुप्पट झाली.

"अहो, काहीतरी करा!" त्या शांतवनवर ओरडल्या.

"तू काही करू नकोस, एवढंच करता येईल."

"हो, बसते हातावर हात ठेवून. माझा बाप बसला होता तसा!"

शांतवननी पेपर खाली ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी पेपर असा मध्येच कधी ठेवला नव्हता.

"तुझे वडील चुकले, सुकन्या. दवाखान्यात न्यायला हवं होतं. प्रार्थना करत करत नेता आलं असतं. पण चुकले ते. आणि पन्नास वर्षं तू हिशेब देवाकडे मागतेस. त्याच्या हातात काहीच द्यायचं नाही, असं ठरवून बसलीस."

सिस्टर उठून बाहेर गेल्या. असल्या वेळी खरं बोलणाऱ्या माणसाचा राग येतो.

भिमाजी त्या आठवड्यात भजनाला आला नव्हता. सिस्टर त्याला शोधत गेल्या. पेठेमागे एका दुकानाच्या भिंतीला तो गिलावा करत होता. दुपारचं ऊन. डबा तसाच बांधलेला.

"जेवला नाहीस?"

"जात न्हाई, सिस्टर." त्याने थापी खाली ठेवली. इकडेतिकडे बघितलं. "तुमाला एक सांगू का? कुनाला बोलू नका. त्या पेटीत म्या चिठ्ठी टाकली हुती."

सिस्टर त्याच्या बांधलेल्या डब्याकडे बघत राहिल्या.

"पोरगी जानार म्हनून घर खायला उठलं हुतं. कुनाला सांगनार? पोरीला सांगितलं तर ती जायची न्हाई. मानसाला सांगितलं तर हासत्याल. म्हनून देवाला सांगितलं. लगीन हुऊ दिऊ नको, म्हनलं. सिस्टर, त्यानं ऐकलं वो! म्या कशाला मागितलं आन् त्यानं कशाला दिलं? म्या बाप हाय का कोन हाय? आता ढोलकीला हात लावायला भ्या वाटतंय. त्यो काय काय ऐकतोय कुनाला ठावं."

सिस्टर विटांच्या ढिगावर बसल्या.

लग्न मोडणं वेगळं. ते जोडताही येईल कदाचित. पण हा माणूस आता देवाला घाबरत होता, आणि तो ज्या देवाला घाबरत होता, तो देव म्हणजे सुकन्या साळवे.

"भिमाजी," त्या म्हणाल्या, "देवाने नाही ऐकलं. मी ऐकलं."

त्यांनी सगळं सांगितलं. कागद, कोपरगाव, ते 'तसंच समजा'. भिमाजी ऐकत राहिला. हातावरचं सिमेंट वाळून पांढरं पडलं. तो ओरडेल, असं त्यांना वाटलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"सिस्टर," तो म्हणाला, "म्या तुमच्याकडं मागितलं नव्हतं. त्याच्याकडं मागितलं हुतं. त्याला कळतंय कुठलं द्यायचं, कुठलं न्हाई. म्हनून तर त्याच्याम्होरं कायबी बोलता येतं. तुमाला न्हाई म्हनता येत न्हाई, सिस्टर. त्याला येतं."

मग तो उठला आणि गिलावा वाळायच्या आत भिंतीकडे गेला.

सिस्टर पाळकांकडे गेल्या. रविवारी सगळ्यांपुढे सांगते, म्हणाल्या. पाळक हर्षल घाबरले.

"माझ्यापाशी कबूल केलंत, पुरे झालं. सगळ्यांसमोर नको. या साक्षींवर लोकांचा विश्वास उभा आहे, सिस्टर."

"कोणावर उभा आहे? माझ्यावर! माझ्या सुजलेल्या गुडघ्यांवर! तो आधीच पडायला हवा होता."

"लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला देवापेक्षा लोकांचंच पडलंय? रविवारी ऐका म्हणजे कळेल."

शनिवारी संध्याकाळी सिस्टरांच्या मनात पुन्हा कोपरगाव आलं. पहाटेची एसटी धरावी. मालनबाईंच्या अंगणात बसावं. हो म्हणेपर्यंत उठू नये. तहसीलच्या बाकावर हेच जमलं होतं. त्यांनी पिशवी भरली. पाण्याची बाटली ठेवली. मग पलंगाच्या कडेला बसल्या, आणि बसल्या त्या उठल्या नाहीत. पुन्हा जायचं म्हणजे पुन्हा तेच. ज्या हातांनी मोडलं त्याच हातांनी ओढूनताणून जोडायचं, आणि त्यालाही देवाचं नाव द्यायचं.

त्यांनी पायातली चप्पल काढली. पलंगाला धरून हळूहळू गुडघे टेकले. दुखले फार. "मला तुझा भरवसा नव्हता," त्या म्हणाल्या. "करुणाच्या वेळेपासून नाही. अजूनही पुरता नाही. पण माझ्याकडे आता काही उरलं नाही." पुढे शब्द सुचेनात. आतापर्यंत त्या देवाला कामांची यादी सांगत आल्या होत्या. उठताना शांतवनना हाक मारावी लागली.

रविवारी चर्च भरलेलं होतं. साक्षीची वेळ आली तशा सिस्टर पुढे गेल्या. कोपऱ्यात भिमाजी बसला होता, ढोलकी नव्हती. मोनिका बायकांच्या ओळीत, मान खाली.

"मी साक्ष द्यायला नाही, कबुली द्यायला आलेय," त्या म्हणाल्या. "पेटीतल्या चिठ्ठ्या वाचून मी कामं करत होते. चोरून. तुम्हाला वाटलं देवाने केलं. बनाबाई, तुझं रेशनकार्ड मी केलं, तीन खेपा पाथर्डीला घालून. अजिनाथ, वसतिगृहात मी गेले होते."

मग बनाबाईचा आवाज आला.

"म्हंजी प्रभूनं न्हाई केलं व्हय?"

"नाही. मी केलं."

"आन् तुला कुनी धाडलं हुतं? गुडघं दुखत असताना तू आपल्या मनानं तीन खेपा पाथर्डीला जाशील व्हय? काय बी बोलती!"

हशा पिकला. अजिनाथ म्हणाला, "बरोबर हाय की." सिस्टरांना रडू यायच्या बेतात होतं आणि संतापही अनावर झाला. या माणसांपुढे धड कबुलीही देता येत नव्हती.

"ऐका माझं!" त्या ओरडल्या, नर्स असताना ओरडत तशा. हशा थांबला. "पाथर्डीला धाडलं असेल त्याने. पण कोपरगावला मला कोणी धाडलं नव्हतं. तिथे मी माझ्या मनाने गेले. मोनिकेच्या सासरी खोटं बोलले. ती कधी नको म्हणाली नव्हती. एका चिठ्ठीवरून मी ठरवलं. चिठ्ठी कोणाची ते सांगणार नाही, ती देवाची होती, मी तिच्यावरून धावायलाच नको होतं. या पोरीत काही खोट नाही. खोट माझ्यात आहे. मला वाटत आलं, मी नसले तर देवाचं काही चालणार नाही."

कोपऱ्यात भिमाजीने तोंड ओंजळीत लपवलं.

"मोडलेलं मला जोडता येत नाही," सिस्टर म्हणाल्या. "मी प्रयत्न केला. आता मी काही करणार नाही. तुम्ही प्रार्थना करा. मीही करते."

त्या वळल्या, तर मागच्या दाराशी एक बाई उभी होती. हातात मोठी पिशवी. मालनबाई.

साखरपुड्याची साडी आणि भांडी परत करायला त्या आल्या होत्या. सोयरीक मोडली तर वस्तू पंचांसमक्ष परत करायच्या, अशी रीत. मेहुण्याच्या गाडीने निघाल्या होत्या. उपासना संपेपर्यंत थांबावं म्हणून दाराशी उभ्या राहिल्या, आणि सगळं ऐकलं. सिस्टर पहाटेच्या एसटीने गेल्या असत्या, तर एव्हाना कोपरगावात कुलूप बघत बसल्या असत्या.

मालनबाई सरळ मोनिकेपाशी गेल्या. "पोरी, खरं सांग. तुझं मन हाय का?"

"आहे."

"मग मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"त्या शनिवारपासून तुमचा फोन बंद होता."

मालनबाई जरा ओशाळल्या. पिशवी त्यांनी मोनिकेच्या मांडीवर ठेवली. "ठेव तुझ्याकडंच. किती वेळा इकडून तिकडं न्यायची?" मग सिस्टरांकडे वळल्या. "बाई, तुमी आता आमच्या अंगणात पाऊल टाकायचं न्हाई. कावळ्यानं माझी कुरडई नेली तुमच्यापायी. पोरीला न्यायला आमी येऊ."

"या म्हटलंत तरी येणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

पुकार पुन्हा पहिल्यापासून झाली. मे महिन्यात लग्न ठरलं. सिस्टरांना मंडळीने एकमताने सांगितलं, तुम्ही फक्त जेवायचं. लग्नाच्या दिवशी मांडवात त्यांना खुर्ची दिली. खुर्चीवरून त्यांना मांडवाची दोरी सैल दिसत होती. पाण्याचा टँकर उलट्या बाजूला लावलेला दिसत होता. आचाऱ्यांनी आमटी आधी शिजवली, भात मागून टाकला. सिस्टरांनी ओठ इतके आवळले होते, की शांतवन दोनदा पाणी घेऊन आले.

वऱ्हाडाचा टेम्पो यायची वेळ टळून तास झाला. फोन लागेना. माणसं सवयीने सिस्टरांकडे बघू लागली. त्यांनी पदराचं टोक मुठीत धरलं आणि बसून राहिल्या.

भिमाजी येऊन शेजारच्या खुर्चीत बसला. नवा सदरा, कडक इस्त्री.

"येतील का वो?"

"मला काय माहीत!" सिस्टर खेकसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, "येतील."

"उद्यापासनं घरात म्या एकटाच."

सिस्टरांनी तोंड उघडलं. रोज कोण चक्कर मारेल, जेवणाचं कसं करायचं, पुढच्या वर्षी काय, सगळं त्यांच्या जिभेवर तयार होतं. त्यांनी ते गिळलं. गिळताना त्रास झाला.

"देवाला सांग," त्या म्हणाल्या. "रोज सांग. काय वाटेल ते सांग."

"आन् तुमाला?"

"मलाही सांग. ऐकून घेईन. करणार काही नाही." त्यांनी पदराची मूठ सोडली. "भाकरी मात्र पाठवीन. तेवढी तरी पाठवू दे बाबा."

भिमाजी हसला. लांबून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. तो उठला, दोन्ही हातांनी सदरा सारखा केला आणि व्याह्यांना सामोरा गेला.